पट्टा का फाटतो, याची चौकशी

माझ्या बर्फगाडीचा पट्टा पहिल्यांदा फाटला, तेव्हा आमच्या गावात किती तज्ज्ञ राहतात ते मला कळलं. तोवर मी समजत होते की इथे मासेमार राहतात.

पट्टा म्हणजे गाडीच्या पोटाखालून फिरणारा रुंद रबरी पट्टा. त्याच्यावर रबराचेच आडवे दात असतात. दात बर्फात रुततात आणि गाडी पळते. लाब्राडोरच्या या किनाऱ्यावर गाडी पळाली नाही तर चुलीला लाकूड नाही, ताटात मासा नाही, आणि माणूस चार भिंतींत कुजत पडतो. बाहेरगावी जाणारा रस्ता आम्हाला नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फगाडी, आणि आभाळाची मर्जी असली तर विमान.

त्या वर्षी मला गाडी धडधाकट हवीच होती, ती ताईसाठी. ताबेआ, माझी थोरली बहीण. चौऱ्याऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. माझा नवरा गेल्यापासून मी आणि ती एका घरात राहतो. दवाखान्यातली नर्सबाई परगावची, मनाने चांगली, पण तिच्या डोक्यात एकच: दोन म्हाताऱ्या, लाकडाची चूल, घरात पुरुष नाही. तिने शहरातल्या वृद्धालयात ताईसाठी एक खाट मिळवली. बर्फ वितळून पहिली होडी लागली की ताईची रवानगी ठरलेली.

ताई नर्सबाईसमोर गप्प बसली. घरी आल्यावर काठी फेकून म्हणाली, "परक्या माणसांत, परक्या भिंतीकडे बघत मरू का मी? हुल्डे, त्यापेक्षा इथेच नरडं दाब माझं."

"ताई, काहीतरी बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. पण ईस्टर झालं की मला एकदा खाडीवर ने. आईने मला जिथे जन्म दिला तिथला मासा एकदा माझ्या हाताने काढते. मग मला नेऊन कुठे टाकायचं तिथे टाका."

खाडीवरची आमची झोपडी म्हणजे अर्ध्या दिवसाची वाट, सगळी गोठलेल्या समुद्रावरून. गाडीमागे ओढायच्या लाकडी घसरगाडीवर, म्हणजे कोमातिकवर, पेटी बांधायची, पेटीत ताईला गोधड्यांत गुंडाळून बसवायचं, आणि सुटायचं. मधेच पट्टा फाटला तर चौऱ्याऐंशीच्या बाईला बर्फावर घेऊन बसणं म्हणजे सरळ तिला मारणं. दुसऱ्या कुणाच्या गाडीने नेलं असतं, पण त्या हिवाळ्यात सगळ्यांच्याच पट्ट्यांची तीच रड होती.

पहिला तज्ज्ञ माझा दीर, बोआस. हा माणूस कुठल्याही यंत्राकडे असा बघतो, जणू यंत्राने याच्याकडून काहीतरी उधार नेलंय. त्याने गाडीचा मागचा भाग ओंडक्यावर चढवला, पट्टा हाताने खाली ओढला आणि मान हलवली.

"वहिनी, सैल आहे."

"सैल असला तर दात कसे झिजतील हो भावजी? बघा ना, टोकं कशी कुरतडल्यासारखी झालीत."

"सैल पट्टा आतल्या आत उसळतो. उसळला की आपटतो. आपटला की झिजतो. दादा असता तर त्याने पहिल्या दिवशी ओळखलं असतं."

मेलेल्या नवऱ्याचं नाव काढलं की मी काय बोलणार? त्याने पाना घेऊन पट्टा ताणला. मग म्हणाला, "आता रस्त्यावरून दोन फेऱ्या मारून ये. बघू कसा चालतो."

मी मारल्या. तो बघत उभा राहिला. खर्रर्र आवाज आला, तर म्हणाला, "नवीन ताण आहे, बसेल हळूहळू."

आठवडा गेला नसेल, गाडीखालून जळका वास यायला लागला. आत ज्या प्लास्टिकच्या सळयांवरून पट्टा सरकतो, त्या वितळून चिकटल्या होत्या. त्या सळयांना गार ठेवतो तो उडणारा भुसभुशीत बर्फ, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बर्फ उडत का नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही.

दुसरा तज्ज्ञ गुस्ताव, आमचा शेजारी. चर्चच्या बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवतो, आणि बोलतोही तसंच. बोआसने हात लावलेली प्रत्येक वस्तू बिघडते असं त्याचं ठाम मत.

"ताण? डोंबलाचा ताण! पट्टा तिरका चाललाय. हे बघ, डावीकडे बोट जातं, उजवीकडे जात नाही."

"अरे, तुझं बोट जाडं आहे," बोआस म्हणाला.

"तुझ्या डोक्याइतकं नाही."

दोघांची तासभर जुंपली. आजूबाजूचे चहाचे पेले घेऊन तमाशा बघायला जमले. गुस्तावने मागचे दोन बोल्ट थोडे थोडे फिरवले, गाडी ओंडक्यावर ठेवूनच पट्टा फिरवून दाखवला. पट्टा अगदी सरळ पळाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता रस्त्यावरून दोन फेऱ्या मार," गुस्ताव म्हणाला.

मी मारल्या. परत आले तेव्हा आणखी तीन दात गेले होते आणि एका जागी रबर सोलून पट्ट्याच्याच आतली पांढरी सळई दिसत होती.

आता रस्त्याबद्दल सांगते. आमच्या गावात रस्ता एकच. वर विमान उतरतं तिथून निघतो, घरांसमोरून, चर्चवरून, दुकानावरून खाली धक्क्याला येतो. धक्क्यापुढे समुद्राचा बर्फ. माझं लहानपण गेलं, संसार झाला, हिवाळ्यात हा रस्ता कुणी पाहिला नाही. बर्फाखाली तो असतो एवढंच ठाऊक. मग आमच्या कौन्सिलचा अध्यक्ष झकारियास कुठल्याशा परिषदेला शहरात गेला आणि तिथे त्याने भर जानेवारीत काळाभोर रस्ता पाहिला. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. "आपण काय माणसं नाही का? आपल्याला का नको रस्ता?" त्याने अर्ज केले, शिष्टमंडळं नेली, कितीतरी वर्षं पाठपुरावा केला. आम्हीही टाळ्या वाजवल्या. शेवटी मागच्या शरदात, गोठण्याआधीच्या शेवटच्या जहाजातून ती आली: घराएवढी, झेंडूसारखी पिवळीधमक, पुढे भलंमोठं पोलादी पातं. बँड वाजला. पोरांनी तिचं नाव पिवळी ठेवलं.

पिवळी रोज सकाळी रस्ता घासायची. असा घासायची की खालची खडी चकाकायची. आणि काढलेला बर्फ दोन्ही बाजूंना रचून त्याच्या अशा टणक भिंती झाल्या की आडवाटेने उतरायची सोय राहिली नाही. घरातून निघालं की रस्ताच. हे सगळं गावातल्या चार मोटारींसाठी. त्यातली एक कौन्सिलची, म्हणजे झकारियासची. बाकी अख्खं गाव बर्फगाड्यांवर, खडीवरून, खर्रर्र.

कुणाला दिसत नव्हतं असं समजू नका. सगळ्यांना दिसत होतं. पण पिवळी चालवायला ठेवला होता याकोला, ताईच्या नातवाला. दोन हिवाळे पोरगा बेकार बसला होता, दोन लेकरं पदरात. त्याच्या बायकोने पिवळी आल्यापासून पहिल्यांदा हसायला सुरुवात केली होती. मग कोण म्हणणार की पिवळी थांबवा? आणि झकारियासला कोण दुखावणार? कुणाच्या घराची डागडुजी आधी, ती यादी त्याच्या हातात. म्हणून गाव मूग गिळून बसलं आणि ताण, तिरकेपणा, सळया, असल्या गप्पा मारत राहिलं.

जुना पट्टा कामातून गेला. मी शहरातल्या दुकानात फोन लावला, नवीन मागवायला. फोनवरचा मुलगा सौजन्याने विचारू लागला. मी फोनचा आवाज मोठा केला, कारण बोआस आणि गुस्ताव दोघंही माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले होते.

"मॅडम, दात टोकाला झिजलेत? सळया वितळल्यात? मग एक सांगा, गाडी खडीवर किंवा डांबरावर चालवता का?"

गुस्तावने हातातला पेला खाली ठेवला.

"खडीवर?" बोआस फोनपाशी वाकून ओरडला. "अरे बाळा, लाब्राडोर आहे हे! जानेवारीत इथे खडी कुठली?"

"इथे माणसाच्या उंचीएवढा बर्फ असतो!" गुस्तावने री ओढली. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. दोघं खिदळले. मग हळूच खिडकीबाहेर बघून गप्प झाले, कारण समोरून पिवळी जात होती.

नवीन पट्टा विमानाने आला. तो चढवला, आणि गाडी अंगणात झाकून ठेवली. चालवायची कुठे? दुकानात मी पायी जायला लागले. गावात सगळ्यांना वाटलं, हुल्डाचं डोकं फिरलं.

एव्हाना इतके पट्टे फाटले होते की कौन्सिलला काहीतरी करणं भाग पडलं. झकारियासने पट्टाहानी कारणशोध समिती नेमली. समितीत बोआस, गुस्ताव आणि स्वतः झकारियास. चर्चच्या सभागृहात बैठक, चहा आणि लाल बोरांचा केक. मी गेले होते. ऐकून कान तृप्त झाले. एक म्हणाला, हल्लीचं रबर पूर्वीसारखं राहिलं नाही. दुसरा म्हणाला, बायका गाडी फार जोरात हाकतात. तिसऱ्याने तर कमाल केली. म्हणाला, कुत्री पट्ट्यावर मुततात, त्याने रबर कुजतं. झकारियासने गंभीर चेहऱ्याने तेही लिहून घ्यायला लावलं.

"आणि रस्ता?" मी विचारलं.

"रस्ता या समितीच्या कार्यकक्षेत येत नाही, हुल्डाताई," झकारियास गोड हसून म्हणाला. "केक घे की थोडा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर याकोची बायको केक कापत होती. मी तोंड मिटून घरी आले. घरी ताई गळाच्या दोऱ्या सोडवत बसली होती, खाडीवर न्यायला. बोटं वळत नव्हती तरी एकेक गाठ सोडवत होती. ते बघितलं आणि मला राहवलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक घरात वायरलेस असतो. एकच वाहिनी, सगळं गाव दिवसभर ऐकतं. कुणाला सील मिळाला, कुणाचं पोर दुकानात विसरलं, सगळं त्याच्यावर. मी बटण दाबलं.

"झकारियास, ऐकतोयस का?"

"बोल ताई. पण थोडक्यात. वायरलेस महत्त्वाच्या कामासाठी आहे."

"मग ऐक महत्त्वाचं. कुत्र्यांच्या मुताने पट्टे फाटत नाहीत. तुझ्या रस्त्याने फाटतात. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आत्ता जे जे कान लावून बसलेत त्या सगळ्यांना ठाऊक आहे. याकोचं काम काढू नका. त्याने दोन वेळा फिरवावी पिवळी, नाचवावी, काय वाटेल ते करावं. पण पातं वीतभर वर धरा रे बाबांनो! माझ्या बहिणीला खाडीवर जायचंय. तिला दुसरा हिवाळा मिळणार नाहीये."

मी बटण सोडलं. मग कुठल्यातरी घरातून एका बाईचा आवाज आला, "हुल्डाकाकू बरोबर बोलतेय." मग आणखी एक. मग इतकी बटणं दाबली गेली की नुसती खरखर ऐकू आली.

आता कुठलाही शहाणा माणूस काय करील? पातं वीतभर वर धरील. पण कौन्सिल म्हणजे कौन्सिल. झकारियास म्हणाला, अनुदानाच्या अटींत रस्ता तळापर्यंत साफ करायचा असं आहे, पातं वर घेतलं तर अनुदान जाईल. तेव्हा पिवळी रस्ता साफ करील आणि तिच्या मागून दोन माणसं बाजूचा बर्फ पुन्हा रस्त्यावर टाकतील. त्यांच्यासाठी नवीन जागा मंजूर झाल्या. पदाचं नाव हिमपुनर्स्थापक. नेमणूक कुणाची झाली? अनुभवी माणसांची. बोआस आणि गुस्ताव.

रोज सकाळी पुढून पिवळी बर्फ काढत जायची आणि मागून हे दोघे फावड्याने परत टाकत यायचे. बर्फ किती जाड हवा यावर रोज भांडण. पण खरं सांगते, पट्टे फाटायचे थांबले. समितीने अहवालात लिहिलं की कुत्री बांधून ठेवण्याच्या सूचनेचा चांगला परिणाम दिसला.

ईस्टर आलं. पहाटे कबरस्तानात बँड वाजला, सूर्य उगवला, आम्ही आपापल्या माणसांच्या खुणांपाशी उभ्या राहिलो. ताई काठी टेकून आईच्या कबरीशी उभी होती. म्हणाली, "परवा निघायचं ना?" मी म्हटलं, "परवा निघायचं." बोआसने आभाळ बघून सांगितलं, परवा निघा, तेरवा पाऊस आहे. पाऊस पडला की समुद्राचा बर्फ कुजतो. म्हणजे तोच एक दिवस.

आणि त्याच दिवशी मंत्री आले.

रस्ता बघायला. अनुदान नीट वापरलं का, त्याचे फोटो काढायला. झकारियासने आदल्या दिवशी वायरलेसवर जाहीर केलं की हिमपुनर्स्थापकांना उद्या सुट्टी. रस्त्यावर खडीच दिसली पाहिजे. मंत्र्यांना बर्फ दिसता कामा नये. लाब्राडोरमध्ये!

सकाळी दार उघडलं तर रस्ता लख्ख. खड्यांचे कंगोरे उन्हात चमकत होते. दारात कोमातिक भरलेली, पेटीत ताई गोधड्यांत बसलेली, डोक्याला लाल रुमाल. पिवळी आमच्या घरासमोर थांबली. याको खाली उतरला. पोराला वर बघवत नव्हतं.

"आजी, मी काय करू? पातं वर घेतलं तर आजच्या आज काढतील मला."

"तू तुझं काम कर," ताई म्हणाली. "लेकरांना काय माझा रुमाल खाऊ घालशील?"

नव्या पट्ट्यावर एवढं ओझं घालून त्या खडीवरून धक्क्यापर्यंत जायचं म्हणजे पुढच्या अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तो पट्टा माझ्याशी काय करील याचा नेम नाही. मी रडकुंडीला आले. बोआस आणि गुस्ताव सुट्टीचे कपडे घालून फिरत होते, ते धावले. लाज वाटली असावी. त्यांनी दुकानाची मागे उघडा हौदा असलेली मोटार आणली, आणखी चौघांना बोलावलं, आणि माझी गाडी आणि कोमातिक दोन्ही उचलून मोटारीच्या पाठीवर चढवल्या. बर्फावर चालायची गाडी मोटारीत बसून बर्फाकडे निघाली. मला हसावं की रडावं कळेना.

ताईला पुढच्या सीटवर बसवायला गेलो, तर पायरी तिच्या कमरेएवढी. बोआस म्हणाला, "दोघं मिळून उचलतो."

ताईने काठी उगारली. "हात लावलास तर टाळकं फोडीन. होडी आली की सामानासारखी पाठवणारच आहात मला. आज मी सामान नाही."

"ताई, धक्का लांब आहे गं. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तू पुढे हो."

मी कशाची पुढे होते? मी तिच्या शेजारून चालले. ती एकेक पाऊल टाकत होती, ओठ दाबून. खडीवर काठी घसरत नव्हती, एवढं मात्र खरं. घराघरातून माणसं बाहेर आली. मागून पिवळी, कासवाच्या चालीने, कारण याको आजीला मागे टाकून जाईना.

चर्चपाशी झकारियासची मोटार समोरून आली. मंत्री उतरले. गुबगुबीत, नवाकोरा कोट, टोपीचा कागद अजून आत असावा. त्यांनी ताईला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तडक येऊन तिचा हात धरला. फोटोवाला पळत आला. मागे पिवळी, पायाखाली खडी, मधे लाल रुमालाची म्हातारी. याहून सुंदर त्याला काय मिळणार?

"आजींना विचारा, त्यांना कसं वाटतंय," मंत्री म्हणाले. ताईला आमचीच भाषा येते, इंग्रजी येत नाही. झकारियास दुभाष्या झाला.

ताई आमच्या भाषेत म्हणाली, "या गाढवाला सांग, तुझ्या रस्त्यापायी मला आज पायपीट करावी लागतेय."

झकारियासने घसा साफ केला. "आजी म्हणतात, या रस्त्यामुळे मी आज पायी चालू शकतेय."

मंत्र्यांचे डोळे पाणावले. खरोखर पाणावले, मी बघितलं. त्यांनी ताईचा हात दोन्ही हातांत घेतला. गावातल्या पोरीबाळी तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या.

ताई धक्क्यापर्यंत चालली. शेवटच्या उताराला तिने माझा खांदा धरला, आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं. बर्फावर उतरवलेल्या पेटीत बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "हाक आता."

खाडीवरचे ते दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाऊस आला, गेला, झोपडीत चूल ढणढणत होती. ऊन पडल्यावर ताईला पेटीसकट बर्फातल्या भोकापाशी नेऊन ठेवलं. तिने दोरी सोडली, आणि तिसऱ्या झटक्याला हाताएवढा मासा वर काढला. ओरडली काय, टाळ्या वाजवल्या काय. मग म्हणाली, "आई इथेच उभी राहायची," आणि रडली. मीही रडले. पण तिचे गुडघे पावाच्या लाद्यांसारखे सुजले होते. तिला उभं राहता येत नव्हतं. परत आलो तेव्हा याकोने तिला उचलून घरात नेलं, आणि या वेळी तिने काठी उगारली नाही.

मला धडकी भरली. आता नर्सबाई हे बघणार, आणि होडीचीसुद्धा वाट न बघता विमानाने नेणार. त्यात पेपर आला. पहिल्या पानावर ताई. खाली लिहिलं होतं की नव्या रस्त्याने वृद्धांना पुन्हा पायांवर उभं केलं. पेपर दुकानाच्या दारावर चिकटवला गेला. झकारियासला आणखी एक पिवळी मंजूर झाली.

मग एका दुपारी नर्सबाई आली. आली ती बसेचना. हातात फाइल, चेहरा ओशाळलेला.

"हुल्डा, वृद्धालयातली ती खाट रद्द झालीये."

"म्हणजे?"

"तिथे चालता न येणाऱ्यांना घेतात. मंत्र्यांच्या कार्यालयाने तो फोटो सगळीकडे पाठवला. वृद्धालयाच्या भिंतीवरसुद्धा लावलाय. त्यांनी मला विचारलं, ही बाई तर एवढं अंतर पायी चालते, हिला खाट कशाला?" तिने ताईच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि नजर फिरवली. "मी कळवू शकते की फोटो... की त्या नेहमी चालत नाहीत. पण म्हणजे मंत्री खोटं बोलले असं होईल. मला जरा वेळ द्या."

"वेळ घ्या," ताई म्हणाली. इंग्रजी न येणाऱ्या ताईला हे सगळं बरोबर कळलं होतं. "हवा तेवढा घ्या, म्हणावं."

नर्सबाई गेल्यावर ताई हसत सुटली. इतकी हसली की खोकला लागला, डोळ्यांतून पाणी. "त्या गाढवाने वाचवलं गं मला! आता तो मंत्री आहे तोवर मी चालते! हाकलून दिलं तरी मी इथून हलणार नाही!"

मीही हसले, पोट धरून. मग तिला मोरीकडे न्यायची वेळ झाली. मी तिच्या काखेत हात घातले आणि उचललं. मीही काही पोरगी नाही, बहात्तर सरलेत. दोन पावलांत श्वास लागला, कमरेतून कळ गेली, मी दाराच्या चौकटीला टेकले.

ताईचं हसणं थांबलं. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं.

"हुल्डे," ती म्हणाली, "तुला झेपेन ना गं मी?"

असं तिने मला जन्मात विचारलं नव्हतं.

"झेपशील की," मी म्हटलं. "तुझं वजन आहेच किती."

तिने माझ्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं. मी चौकट सोडली आणि तिला घेऊन पुढचं पाऊल टाकलं.